अभिषेकाचे पाणी आणि राज्याचा मान
(ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार पुरा होऊन शिखरावर कळस चढतो, तेव्हा नद्यांचे व विहिरींचे पाणी आणून त्याच्यावर ओतण्याची आपल्याकडे चाल आहे. कळस तांब्याचा असो वा पितळेचा, कासाराच्या दुकानात असतो तोवर तो एक भांडेच असतो. त्याच्यावर मंत्रपूर्वक पाणी पडले आणि साऱ्या गावाने हात जोडले की तोच वंदनीय होतो. धातू तोच आणि घाटही तोच. बदलते ती लोकांची दृष्टी. आपल्या देशात राजाच्या बाबतीतही नेमके हेच घडत असे. हत्यार, घोडा, किल्ले आणि खजिना ज्याच्यापाशी आहे तो बलवान खरा. परंतु अभिषेकाचे पाणी मस्तकावर पडल्याखेरीज तो राजा नव्हे, अशी लोकांची समजूत होती. ही समजूत भाबडी नव्हती. तिच्यात राज्यकारभाराचे मोठे मर्म साठविलेले होते. ते मर्म कोणते आणि देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या गावाला त्यातून काय घेण्यासारखे आहे, हा आजचा विषय.

ग्रामणीच्या घरचा पुरोडाश

राजाच्या अभिषेकाचा सर्वांत जुना आणि सविस्तर विधी वैदिक वाङ्मयात सापडतो, तो राजसूय यज्ञाच्या प्रकरणात. शतपथ ब्राह्मणात त्याची बारीकसारीक माहिती दिलेली आहे. अभिषेकासाठी तेथे सतरा प्रकारचे द्रव सांगितले आहेत. सरस्वतीचे पाणी, समुद्राचे पाणी, उन्हात पडलेल्या पावसाचे पाणी ही तर त्यात आहेतच. पण तळ्याचे पाणी, विहिरीचे पाणी आणि पानावरचे दवही आहे. राज्यातील लहानमोठे कोणतेही पाणी मागे राहू नये, हा त्यातील भाव उघड दिसतो.

याहून लक्षात ठेवण्याजोगा भाग म्हणजे 'रत्नहविस्' नावाचा विधी. अभिषेकापूर्वी राजाने आपल्या राज्यातील 'रत्नां'च्या घरी एकामागून एक जावयाचे आणि प्रत्येकाच्या घरी देवतेला आहुती द्यावयाची. ही रत्ने म्हणजे हिरे-माणके नव्हेत, माणसे. सेनापती, पुरोहित, पट्टराणी, सूत, कोठाराचा अधिकारी, धान्याचा वाटा वसूल करणारा आणि निरोप पोहोचविणारा जासूदसुद्धा या रत्नांत गणला आहे. त्यांतच एक आहे ग्रामणी, म्हणजे गावाचा मुख्य. ग्रामणीच्या घरी राजाने मरुतांसाठी पुरोडाश अर्पण करावयाचा. मरुतच का, याचेही कारण ग्रंथात दिले आहे. मरुत हे देवांमधील प्रजाजन होत, आणि ग्रामणी हा प्रजेचा माणूस.

राजा होऊ पाहणाऱ्याने सिंहासनावर बसण्याआधी गावच्या प्रमुखाचा उंबरा ओलांडला पाहिजे, ही अट ज्यांनी घातली त्यांना राज्य कशावर उभे असते हे नीट कळलेले होते. धान्याचा वाटा वसूल करणारा उलटला, सेनापती फिरला, गावे रुसली, तर नुसत्या मंत्रांनी राज्य टिकत नाही. म्हणून ज्यांच्यावाचून राज्य चालणार नाही, त्यांच्या दारी आधी जाऊन त्यांना आपलेसे करावयाचे. समारंभ धर्माचा खरा, पण त्याच्या पोटात राजकारण होते. आणि ते राजकारण सर्वांना घेऊन जाण्याचे होते.

दुसरी गोष्ट शपथेची. ऐतरेय ब्राह्मणातील महाभिषेकात अभिषेक करणाऱ्याशी द्रोह न करण्याची शपथ राजाला घ्यावी लागते. ती मोडली तर जन्मापासून मरणापर्यंतचे सारे पुण्य गेले, असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो. महाभारताच्या शांतिपर्वात पृथुराजाची कथा आहे. त्याचा बाप वेन हा अधर्माने वागला म्हणून ऋषींनी त्याला ठार केले. पृथूला राज्य दिले ते शपथेवर. काया-वाचा-मनाने लोकांचे रक्षण करीन आणि कधीही मनमानी करणार नाही, हा त्या शपथेचा आशय. तात्पर्य, अभिषेकाने राजा मोठा होत असे हे खरे, पण त्याच पाण्याने तो बांधलाही जात असे. पुढच्या काळात पुष्कळ राजे हे बंधन विसरले. तरी विधी मात्र ती आठवण ठेवून होता.

तळ्याची माती, गोठ्याची माती

पुराणकाळात यज्ञाची जागा सोप्या अभिषेकविधीने घेतली. अग्निपुराणात त्याचे वर्णन आहे. अभिषेकाच्या स्नानात राजाचे एकेक अंग एकेका ठिकाणच्या मातीने शुद्ध करावयाचे. मस्तकाला पर्वतशिखरावरची, कानांना वारुळाची, मुखाला विष्णुमंदिरातील, हृदयाला राजवाड्याच्या अंगणातील माती. उजव्या बाहूला हत्तीच्या सुळ्याने उकरलेली, डाव्या बाहूला बैलाच्या शिंगाने उकरलेली. पाठीला तळ्याची, पोटाला नद्यांच्या संगमाची, गुडघ्यांना गोठ्याची, पायांना रथाच्या चाकाखालची. कमरेला गणिकेच्या दारची मातीसुद्धा सांगितली आहे. समाजाने ज्या दाराकडे पाठ फिरविली तेही दार राजाला वगळता येत नव्हते. राजाचे शरीर म्हणजे त्याचा मुलूख, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच सांगितले असेल.

त्यानंतर चार दिशांना चार अमात्य उभे राहत. पूर्वेला ब्राह्मण अमात्य तुपाने भरलेला सोन्याचा कुंभ घेऊन, दक्षिणेला क्षत्रिय दुधाचा रुप्याचा कुंभ घेऊन, पश्चिमेला वैश्य दह्याचा तांब्याचा कुंभ घेऊन आणि उत्तरेला शूद्र अमात्य पाण्याने भरलेला मातीचा घडा घेऊन. चौघांनीही राजावर अभिषेक करावयाचा.

या ठिकाणी क्षणभर थांबून दोन गोष्टी एकदमच पाहिल्या पाहिजेत. एक अशी की, चौघांपैकी एकाचाही हात नसेल तर अभिषेक पुरा होत नाही. दुसरी अशी की, एकाच्या हाती सोने आहे आणि एकाच्या हाती माती. सर्वांना स्थान आहे, परंतु स्थान सारखे नाही. हिंदू राजविधींचे बळ पहिल्या गोष्टीत होते आणि त्यांचे दुखणे दुसऱ्या गोष्टीत. पुढील सारा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे, आणि महाराष्ट्राने तो फार जवळून पाहिलेला आहे.

रायगडावरील ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी

शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे इंग्रजी तारीख ६ जून १६७४. या दिवशी रायगडावर शिवाजी महाराज सिंहासनाधीश झाले. तोपर्यंत त्यांच्यापाशी काय नव्हते? किल्ले होते, फौज होती, आरमार होते, महसुलाची व्यवस्था होती, आणि रयतेचे प्रेम तर होतेच. तरीही बादशाही दप्तरांच्या लेखी ते एका जहागीरदाराचे बंडखोर पुत्रच होते. १६६८ साली औरंगजेबाने त्यांना 'राजा' हा किताब मान्य केला होता. परंतु बादशहाने दिलेला किताब बादशहा काढूनही घेऊ शकतो. जे मराठे सरदार विजापूरकडून वतने आणि किताब घेऊन बसले होते, त्यांना भोसले हे आपल्याच बरोबरीचे एक घराणे वाटत असे. आपली निष्ठा त्यांच्या चरणी का वाहावी, असा त्यांचा प्रश्न होता. सामान्य रयतेपुढेही अडचण होती. सनद कोणाची खरी मानावी? इनाम दिले ते उद्या टिकेल काय? या प्रश्नांना तलवारीपाशी उत्तर नव्हते. ते उत्तर अभिषेकाने दिले.

हे कार्य काशीच्या गागाभट्टांनी केले. भट्टांचे हे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. याच घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात काशीविश्वेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी करविली होती. म्हणजे देवालयाचा जीर्णोद्धार आणि राज्याचा अभिषेक ही दोन्ही कार्ये एकाच घराण्याच्या हातून झाली. भोसल्यांचे कूळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडून गागाभट्टांनी त्यांचे क्षत्रियत्व प्रतिपादिले आणि अभिषेकाची पोथीही स्वतः सिद्ध केली, कारण मधल्या काळात असा विधी कोणी फारसा पाहिलेलाच नव्हता. २९ मे रोजी महाराजांची मुंज झाली. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लागला. त्याआधी महाराज प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनास जाऊन देवीला सोन्याचे छत्र अर्पण करून आले होते.

अभिषेकाच्या दिवशी अष्टप्रधान आपापल्या दिशेला कुंभ घेऊन उभे राहिले. पेशवे मोरोपंत पिंगळे, सेनापती हंबीरराव मोहिते आणि इतर प्रधान यांनी राज्याचा भार वाहणारे हातच अभिषेकासाठी पुढे केले. नद्यांचे व समुद्राचे पाणी महाराजांच्या मस्तकावर पडले. राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत सिंहासनाचे सोने बत्तीस मण सांगितले आहे. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दरबारात हजर होता. त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनात सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकावर लटकविलेल्या सोन्याच्या तराजूचा उल्लेख आहे. न्यायाची ही खूण परक्या माणसाच्या डोळ्यांत भरली, हे विशेष. इंग्रजांचा तह त्यानंतर काही दिवसांतच झाला.

या समारंभाने प्रत्यक्ष काय साधले ते पाहावे. नवा राजशक सुरू झाला. पत्रांच्या मायन्यात 'क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती' ही अक्षरे आली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हे शब्द उमटले. तांब्याचा तो पैसा बाजारात ज्याच्या हाती पडला, त्याला अक्षरओळख नसली तरी हे नाणे कोणा बादशहाचे नव्हे एवढे कळत होते. प्रधानांची नावे संस्कृत झाली. फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. म्हणजे एका दिवसाचा विधी शक, नाणे, दप्तर आणि भाषा या चार वाटांनी रोजच्या व्यवहारात उतरला. विधी राजकारणात कसा काम करतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

सहा वर्षांपूर्वीचा जीर्णोद्धार

राज्याभिषेकाच्या सहा वर्षे आधी, म्हणजे १६६८ च्या नोव्हेंबरात, महाराजांनी गोमंतकातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख तेथे आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद ज्याला लाभला तो राजा, असे बिरुद ते आपल्या नाण्यांवर कोरीत. दिवाडी बेटावरील मूळ देऊळ पोर्तुगीजांच्या अमदानीत उद्ध्वस्त झाले आणि लिंग नार्व्याला आणले गेले. शतकभरानंतर महाराजांनी ते देऊळ पुन्हा उभे केले, त्यात भक्ती होतीच. पण या भूमीवरची जुनी राजसत्ता ज्या देवाच्या नावाने चालत होती, त्या देवाचा सांभाळ आता कोण करतो, हेही त्या कृतीने पोर्तुगीजांना आणि रयतेला सांगितले. बोलाचालीशिवाय सांगितलेली अशी गोष्ट फार दूरवर ऐकू जाते. गोवा शासनाने केलेल्या दुरुस्तीनंतर तेच मंदिर २०२३ साली नव्याने लोकांसाठी खुले झाले.

देवाच्या नावाने राज्य चालविण्याची ही रीत भारतात दूरदूर पसरलेली होती. मेवाडचे महाराणे स्वतःला एकलिंगजींचे दिवाण म्हणवीत. ओरिसात तेराव्या शतकात अनंगभीम राजाने आपले राज्य पुरुषोत्तम जगन्नाथाचे आणि आपण त्याचा प्रतिनिधी, असे जाहीर केले. आजही पुरीच्या रथयात्रेत तेथले गजपती महाराज सोन्याच्या दांड्याच्या झाडूने रथ झाडतात. त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्याने १७५० साली आपले सारे राज्य श्रीपद्मनाभाला अर्पण केले आणि पुढील राजांनी 'पद्मनाभदास' म्हणून कारभार पाहिला. यात नम्रता होती तशी चतुराईही होती. राज्य देवाचे झाले की राज्याविरुद्ध उठणे म्हणजे देवाविरुद्ध उठणे ठरते. मात्र ही दोरी दुसऱ्या बाजूनेही ओढली जाते. जो स्वतःला देवाचा चाकर म्हणवितो, त्याला चाकरीचा हिशेब विचारता येतो.

वस्त्रे साताऱ्याहून

विधीवाचून सत्ता अपुरी राहते, हे पेशवाईनेही दाखवून दिले. अठराव्या शतकात पेशव्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले. दिल्लीच्या राजकारणात त्यांचा शब्द चालू लागला. परंतु पेशवा गादीवर बसताना त्याला वस्त्रे घ्यावी लागत ती साताऱ्याच्या छत्रपतींकडून. १७७४ साली पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, तेव्हा बारभाईंपुढे पहिले काम होते ते साताऱ्याहून वस्त्रे आणविण्याचे. अवघ्या काही आठवड्यांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि रघुनाथरावांचा दावा मागे पडला. सातारच्या छत्रपतींपाशी तेव्हा ना मोठी फौज होती, ना खजिना. होता तो अभिषेकाचा वारसा. पाळण्यातल्या बाळाला पेशवा करण्याचे सामर्थ्य पुण्याच्या तोफखान्यात नव्हते. ते साताऱ्याच्या त्या वस्त्रांत होते.

मातीच्या घड्याचा प्रश्न

आता त्या दुखण्याकडे वळले पाहिजे. ज्या विधीने इतके बळ मिळते, त्या विधीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असतील तोही बलवान होतो. रायगडावर राज्याभिषेकापूर्वी महाराजांच्या क्षत्रियत्वाविषयी शंका निघाल्या, त्या याच कारणाने. ज्याने स्वतःच्या पराक्रमाने राज्य उभारले, त्यालाही मंत्राचा अधिकार आहे की नाही, हे दुसऱ्यांनी ठरवावयाचे होते. त्याच वर्षी आश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, निश्चलपुरी गोसावी यांच्या हस्ते तांत्रिक पद्धतीने महाराजांचा दुसरा अभिषेक झाला. पहिल्या विधीत काही उणिवा राहिल्या, स्थानदेवतांचा योग्य मान राखला गेला नाही, असा निश्चलपुरींच्या पक्षाचा आक्षेप होता. पहिल्या अभिषेकानंतर बाराच दिवसांच्या आत जिजाबाई पाचाडला निवर्तल्या होत्या. लोकांची मने हळवी झाली होती. महाराजांनी वाद घातला नाही. दोन्ही परंपरांचे पाणी मस्तकावर घेतले. काशीचा पंडितही आपला आणि गोसावीही आपला, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला असल्यास नवल नाही. राज्य सर्वांचे करावयाचे तर असाच मोठेपणा लागतो.

सव्वादोनशे वर्षांनी तोच प्रश्न कोल्हापुरात पुन्हा उभा राहिला. १८९९ साली कार्तिकस्नानाच्या वेळी पंचगंगेवर राजर्षी शाहू महाराजांसाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, ही गोष्ट उजेडात आली. शिवछत्रपतींच्या वंशातील गादीवर बसलेल्या राजालाही वेदमंत्राचा अधिकार नाकारला गेला. पुढे वेदोक्त प्रकरण म्हणून जे गाजले ते हेच. महाराजांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. अधिक मोलाची गोष्ट अशी की, राजाचा अपमान झाला एवढ्यावर ते थांबले नाहीत. राजवाड्यात बसलेल्याची ही कथा, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल, हा विचार त्यांनी पुढे नेला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली. १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर क्षात्रजगद्गुरूंची नेमणूक केली. स्वतःला मिळालेल्या नकाराचे उत्तर त्यांनी दुसऱ्यांसाठी दारे उघडून दिले.

त्रावणकोरचीही गोष्ट येथे सांगावी. ज्या राजघराण्याने राज्य पद्मनाभाला अर्पण केले होते, त्याच घराण्यातील चित्रा तिरुनाळ महाराजांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी संस्थानातील देवळे सर्व हिंदूंना खुली केली. महाराष्ट्रात नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो कित्येक वर्षे चालला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि ते दार उघडले. ही माणसे देवाचे दर्शन मागत होती, त्याचबरोबर राज्यातील आपला वाटाही मागत होती. अभिषेकात मातीचा घडा हाती असलेला माणूस विचारीत होता की, माझ्या पाण्यावाचून अभिषेक पुरा होत नाही, तर मग मी पायरीखाली का?

राजा गेला, विधी राहिला

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि किताबही संपले. आता राज्याचा अधिकार मताच्या पेटीतून येतो. तरीही जुन्या विधीतील सार नाहीसे झाले नाही. राष्ट्रपतींपासून ग्रामपातळीपर्यंत अधिकाराचे पद शपथेने बांधलेले आहे, आणि त्या शपथेचा गाभा पृथुराजाच्या शपथेचाच आहे: मनमानी करावयाची नाही. म्हैसूरच्या दसऱ्यात ज्या सोन्याच्या अंबारीत पूर्वी राजा बसे, तिच्यात आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. पंढरीला आषाढी एकादशीच्या पहाटे राज्याचे मुख्यमंत्री विठ्ठल-रखुमाईची महापूजा करतात, तेव्हा त्यांच्या शेजारी दर्शनाच्या रांगेतून निवडलेले वारकरी दांपत्य उभे असते. तासन्‌तास रांगेत उभे राहून थकलेले शेतकरी नवरा-बायको आणि राज्याचा कारभारी एकाच पाटावर हात जोडतात. रत्नहविसात राजा ग्रामणीच्या घरी जात असे. आज ग्रामणी गाभाऱ्यात आलेला आहे.

गावच्या देवळातील मान

गावचे देऊळ हे या साऱ्या इतिहासाचे लहान रूप होय. पालखीचा मान, नारळाचा मान, पहिल्या आरतीचा मान ही गावातील राजचिन्हेच. जुन्या गावगाड्यात कुंभाराने घट द्यावा, परटाने पायघड्या घालाव्या, सुताराने पालखी दुरुस्त करावी, गुरवाने पूजा करावी, अशी प्रत्येकाची सेवा नेमलेली होती. त्यात सर्वांना स्थान होते, पण स्थान सारखे नव्हते. काहींना तर देवळाच्या बाहेरूनच देव पाहावा लागे. जीर्णोद्धाराच्या वेळी जुने दगड काढून जे भंगलेले आहे ते बदलतात आणि जे भक्कम आहे ते पुन्हा बसवितात. प्रथांच्या बाबतीतही तोच न्याय लावावा लागतो. प्रत्येकाच्या हाताला सेवा देण्याची प्रथा भक्कम आहे, ती ठेवावी. कोणाला पायरीखाली ठेवण्याची प्रथा भंगलेली आहे. ती नव्या चुन्यात बसवू नये.

मानपानावरून गावोगाव तंटे होतात, यात्रा बंद पडतात, पालख्या जागच्या जागी अडतात आणि देव कोर्टात जातो. असे तंटे करणाऱ्यांना मान प्रिय असतो, परंतु मानाचा अर्थ ध्यानात नसतो. अभिषेकात ज्याला कुंभ धरण्याचा मान होता, त्याला राज्याचा भारही वाहावा लागत असे. भार न उचलता मान मागणे म्हणजे रिकामा कुंभ घेऊन उभे राहणे होय. म्हणून पालखीला खांदा पाळीपाळीने सर्वांनी द्यावा. स्त्रियांनाही त्यात आणि देवस्थानच्या कारभारात जागा असावी. जमाखर्च वर्षातून एकदा देवापुढे उभे राहून सर्वांना वाचून दाखवावा. देवाच्या चाकरीचा हिशेब विचारण्याचा अधिकार गावाला आहे, आणि तो देण्यात कमीपणा नाही.

देणगीदारांविषयी एक शब्द सांगून हे विवेचन संपवावयाचे आहे. रायगडावर श्रीजगदीश्वराचे देऊळ आहे. त्याच्या शिलालेखात राज्याभिषेकाचाच शक, १५९६, कोरलेला आहे. गडावरची बांधकामे ज्यांनी उभी केली त्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोठे घातले? शिखरावर नाही, गाभाऱ्याच्या चौकटीवरही नाही. देवळाच्या पायरीच्या दगडावर, सेवेस तत्पर एवढ्याच अर्थाच्या शब्दांसह त्यांचे नाव आहे. महाराज दर्शनाला जात तेव्हा त्या पायरीवर पाऊल ठेवीत. आज तेथे जाणारा प्रत्येक माणूस ठेवतो. ज्याने राजधानी बांधली त्याने स्वतःसाठी पायरीची जागा निवडली, आणि साडेतीनशे वर्षे लोटली तरी ती अक्षरे पुसली गेली नाहीत. या जीर्णोद्धारात कोणी मोठी रक्कम दिली असेल, कोणी दिवसभराची मजुरी सोडून दगड उचलले असतील, कोणी नुसता घागरभर पाणी घेऊन आला असेल. संगमरवरी फलकावर साऱ्यांची नावे मावणार नाहीत. पण देवळात जाणारी पायरी सर्वांच्या मिळून केलेल्या श्रमाची आहे, आणि तिच्यावरून प्रत्येकाला आत जाता आले पाहिजे.